हळदीचा डाग उडेपर्यंत

द्वारका चौकाच्या गर्दीत आमच्या लूनावरून गालिच्याची गुंडाळी घसरली आणि थेट एका स्कूटरच्या चाकापुढे जाऊन उलगडली. स्कूटरवाल्यानं कचकन ब्रेक मारला. गालिचा उचलला, डाग पाहिला. मग छायाताईकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ!

"हळद सांडली आणि साबणानं धुतलंत. बरोबर?"

"तुम्हाला कसं कळलं?" ताईचे कान लाल.

"साबण लागला की हळद लाल होते. मी चंदर. गाड्या आतून दुरुस्त करतो."

झालं असं होतं, की अण्णांनी जुनी मारुती घेतली, आईनं गाडीची पूजा केली आणि ताईच्या हातून हळदीचं ताट गाडीतच पालथं झालं. घाबरून तिनं गाडीतला गालिचा साबणानं धुतला आणि डॅशबोर्ड चक्क भांड्यांच्या तारेनं घासला! नुसते ओरखडे. अण्णा सटाण्याला आत्याकडे गेले होते, शनिवारी येणार होते. आज बुधवार, म्हणून आम्ही गालिचा धुलाईवाल्याकडे नेत होतो.

चंदर त्याच दुपारी मखमलाबादला आमच्या घरी आला. गालिच्यावर लिंबू पिळलं, तर लाल डाग पुन्हा पिवळा!

"आता फक्त ऊन. हळद उन्हात उडते."

"किती दिवस लागतील?" ताईनं विचारलं.

"तीन. रोज येऊन बघावं लागेल."

आता मला सांगा, वाळत घातलेला गालिचा बघायला मिस्त्री कशाला लागतो? मी विचारणारच होते, पण ताईनं असा चिमटा काढला ना!

गुरुवारी चंदरनं डॅशबोर्ड दुरुस्तीला घेतला. त्याच्याकडे गरम हवा फेकणारं एक यंत्र होतं.

"फार जवळ नेलं तर प्लास्टिक वितळतं," तो म्हणाला. "लांब धरलं तर ओरखडा हलत नाही."

"मग किती अंतर ठेवायचं?"

"चार बोटं."

ताईनं स्वतःची चार बोटं मध्ये धरली. "एवढं?"

"एवढंच... पण हात काढा, भाजेल."

"तुम्ही भाजू द्याल?"

अगं बाई! ही आमची छायाताई? भाजीवाल्याशीसुद्धा खाली मान घालून बोलणारी?

शुक्रवारी तिनं सकाळपासून तीनदा वेणी घातली. गालिचा कधी उन्हात सरकवायची, कधी हळूच सावलीत. ढग आला की खूश व्हायची, डाग फिका दिसला की गप्प. मला आधी कळेचना. मग कळलं — गालिचा गाडीत बसला की चंदरचं येणं संपलं! त्यानंतर मलाच चैन पडेना. भूगोलाच्या तासाला बाईंनी नकाशात सिन्नर विचारलं, मी बोट ठेवलं समुद्रावर.

शनिवारी डाग गेला. पार गेला. चंदरनं गालिचा बसवला, कोपरे दाबले, मग तेच कोपरे पुन्हा दाबले. ताई जास्वंदीपाशी उभी, एकेक पान खुडत. मी मनातल्या मनात दोघांना ढकलत होते... बोला ना कुणीतरी!

तेवढ्यात अण्णा आले. ताईनं एका दमात सगळं सांगून टाकलं, ताट, साबण, तारेची घासणी. अण्णा गाडीत डोकावले.

"कुठंय डाग?" मग चंदरकडे वळून, "कुणाचे तुम्ही?"

"लहानू मिस्त्रींचा."

"अरे, लहानूचा होय! तुझ्या बापाचा हात पण असाच सफाईदार." आणि ते पाय धुवायला हौदाकडे गेले.

चंदरनं पिशवी उचलली. "येतो मग..."

"उद्या या," ताई म्हणाली.

"उद्या? काम तर झालं."

"कामाशिवाय या."

आवाज चांगला मोठा होता! अण्णांचा तांब्या हातातच राहिला. आई दारात आली.

"का गं, छाया?" अण्णांनी विचारलं.

"मला आवडतात ते, अण्णा."

अण्णांनी एका पायावर पाणी घेतलं. मग दुसऱ्यावर. इतकं सावकाश कुणी पाय धुतं का? माझा जीव नुसता टांगणीला!

"आणि तुमचं काय म्हणणं?" अण्णांनी चंदरला विचारलं.

"डाग... दोनच दिवसांत उडाला असता," चंदर मान खाली घालून म्हणाला. "मी तीन सांगितले."

आईनं पदर तोंडाला लावला. अण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"उद्या एकटे येऊ नका. लहानूला घेऊन या."

ताई पळतच घरात गेली. चंदर स्कूटरला किक मारत सुटला. एक, दोन, पाच, सात...

"अहो, चावी लावा ना आधी!" मी ओरडले.