दाराकडे वळवलेले बूट

चपला दाराशी नको गं काढूस, दर्शना. हातात घेऊन ये, ठेव इथं सोफ्यावर. हसू नकोस. म्हातारी चळली म्हणतात शेजारी, म्हणू देत. मगरिबची, दिवेलागणीची अजान होईस्तोवर बस माझ्यापाशी. चहा नंतर.

माझी वैभवी तू पाहिली नाहीस. तू या बिल्डिंगीत यायच्या आधीच गेली. तापानं फणफणली होती. जावईबापू, सिद्धांतराव, म्हणाले, "तुझं रोजचंच नाटक," आणि गेले दुबईच्या त्या टोकाला, जेएलटीला ऑफिसात. मी तेव्हा देशात. संध्याकाळी आले तर खलास. वर्ष सरायच्या आत सिद्धांतरावांनी स्मिता आणली.

वैभवीनं फ्रीजवर एक फोटो चिकटवलेला. जपानातलं कुठलंसं बारकं गाव, समुद्राला टेकलेलं स्टेशन. "आई, इथं जायचंय मला." तिथंच निघाले हे, नव्या बायकोला घेऊन! वैभवीच्या लेकीला, शुभ्राला सांभाळायला फुकटची आया म्हणून मला घेतलं. मी काय कमी आहे? वैभवीच्या चपला पिशवीत घातल्या, चिवड्याच्या डब्याखाली. म्हटलं, चल बाई, तू पण बघ.

दोन डब्यांची गाडी. माणसं इतकी गप्प, मी शेंगदाणा चावला तर सगळ्यांनी वळून बघितलं. खिडकीला समुद्र... काळा, आभाळ उतरल्यागत. उतरलो तर फलाटावर आमच्याशिवाय कुणी नाही. मासळीचा वास, ओल्या लाकडाचा वास.

लॉजची मालकीण माझ्याच वयाची. आम्ही दाराशी बूट काढले, मी हळूच वैभवीच्या चपला रांगेत सरकवल्या. मालकीण गुडघ्यांवर बसली आणि एकेक जोड वळवून दाराकडे तोंड करून ठेवला. शुभ्रानं फोनमध्ये बोलून विचारलं, का? मालकीण बोलली, फोनमधली बाई आपल्या भाषेत म्हणाली, जाणाऱ्याला वळावं लागू नये. पाय घातला की निघाला.

सगळे आत गेल्यावर मी वैभवीच्या चपला परत फिरवल्या. आत तोंड करून. म्हटलं, तू नको जाऊस, माझ्याबरोबर घरी चल. मालकिणीनं बघितलं. नको-नको म्हणून जोरजोरात मान हलवली तिनं... मी तिला वेडावून दाखवलं.

सकाळी त्या चपला ओल्या होत्या. वाळू चिकटलेली.

इथं अल नहदाला, घरी परतलो आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. रोज संध्याकाळी सिद्धांतरावांचे बूट दाराकडे फिरवून ठेवायचे.

"आई, हे कोण करतं?"

"मला काय विचारता? वैभवीला विचारा."

तोंड बघायला हवं होतंस! मी बाथरूमात नळ सोडून हसून घ्यायची. माझ्या लेकीला मरताना एकटं टाकलं, आता बस घाबरत.

मग एक संध्याकाळ. मी स्वैपाकघरात लसूण सोलत होते. बुटांना हातसुद्धा लावला नव्हता. तरी फिरलेले. आतून ओले, आणि तोच त्या स्टेशनावरचा वास... सिद्धांतराव खोलीतून बाहेर आले, बघितलं, आणि कुणी हाक मारावी तसे पाय घालून निघाले. स्मिता मागून ओरडत राहिली. गाडी सापडली पार तिकडं तासभर लांब, उम्म अल कुवैनला, पाण्याच्या कडेला. दार उघडं. माणूस नाही.

स्मिता माहेरी पुण्याला गेली. मी? मी देवापुढे साखर ठेवली. खोटं कशाला बोलू?

वाटलं, झालं समाधान पोरीचं.

काल अजान चालू होती. दाराशी शुभ्राचे शाळेचे बूट, दाराकडे तोंड करून. ओले. त्यांना लागून वैभवीच्या चपला. त्या माझ्या पिशवीत होत्या, गं! आणि त्यांचंही तोंड दाराकडे. मी सगळं फिरवलं, पाणी पिऊन आले... तर परत तसंच.

"शुभ्रे, आजीशी मस्करी करतेस?"

तिनं आयपॅडमधून मानसुद्धा वर केली नाही. "नॉट मी, आजी. मम्मा. शी सेज यू टॉट हर."

एवढं इंग्रजी मलाही कळतं.

मी हात जोडले. म्हटलं, वैभवी, तो गेला ना? मग बस्स. ही नको. हिनं काय केलंय तुझं? नुसता एसी घुरघुरत होता.

आज त्या चपला मी कचऱ्याच्या भोकातून खाली टाकल्या. धडधडत गेल्या, ऐकलं मी. शुभ्राचे बूट दिवसभर बाल्कनीत उन्हात वाळवले आणि हे बघ, मांडीवर घेऊन बसलेय. बुटांशिवाय कुठं जाईल?

लाव हात माझ्या पदराला. ओला लागतोय ना...?

सुरू झाली बघ अजान. बोलू नकोस. आतून पावलं येतायत. फटक फटक वाजतंय... शुभ्रा तर अनवाणी बसवलेली मी.

शुभ्रा? कुठं निघालीस, बाळा? इकडं ये आजीकडं.

दर्शना... तिच्या पायात कुणाच्या चपला आहेत, गं?