खालून आलेला हिसका

ढकललं म्हणतो? त्या दोरवाल्याच्या जिभेला काही हाड? बुटक्यानं त्याचे दात पाडले, ते कबूल. पाडण्यासारखेच होते. पण जिवाभावाच्या दोस्ताला बुटका दरीत ढकलेल? साहेब, बुटक्याला बेड्या मागाहून घाला. आधी ऐका.

बुटका अन् शेंड्या, दोघांचा धंदा झाडं तोडायचा. शेंड्या पार वरपर्यंत चढायचा, म्हणून ते नाव. बुटका खाली, त्याचा दोर धरून. करवतीचं मशीन असं बोंबलतं की घसा फाटला तरी हाक पोचत नाही. म्हणून यांचं बोलणं दोरावर. बुटका खालून दोन हिसके द्यायचा, म्हणजे 'उतरतोस का?' वरून एक हिसका आला, म्हणजे 'हो.' मग मशीन बंद. बुटका 'हां!' म्हणून ओरडायचा, की शेंड्यानं डोळे झाकून फांदी सोडलीच. इतका भरवसा.

मग एकदा शेंड्याच्या पायाखालची फांदी मोडली. दोरानं वाचला, पण भीती अशी बसली की शिडीच्या पहिल्या पायरीवर गडी लटलट कापायला लागला. घरात चूल थंड. बायको म्हणाली, "करवत विका अन् भाज्या निवडत बसा."

त्या दिवशी दोघं करवत दुरुस्तीला घेऊन शहराकडं निघाले होते. वाटेत दरीवरचा तो जुना पूल. तिथं पायाला लवचिक दोर बांधून लोकांना खाली सोडतात. हौस असते लोकांना, रांग लागते. बुटक्यानं गाडी थांबवली.

"मार उडी. भीती इथंच मरेल."

"अन् मी मेलो तर?"

"वहिनीला करवत नेऊन देतो. चल!"

शेंड्या हसला. किती दिवसांनी हसला. म्हणाला, "तू दोराशी उभा राहा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

दुपार कलली होती. दरीत धुकं चढत होतं, अन् त्यातून कुजलेल्या ओल्या चामड्यासारखा वास. दोरवाल्यानं जांभई देत शेंड्याचे पाय बांधले. दोराचा मोठा झोळ पुलाखाली, धुक्यात लोंबत होता. शेंड्या कठड्याबाहेर, कडेला उभा. बुटक्याचा हात सवयीनं दोरावर गेला. सवयीनंच त्यानं दोन हिसके दिले.

शेंड्या तर हातभर अंतरावर, पाठमोरा. त्याचे हात कठड्याला.

अन् खालून... एक हिसका आला.

सवय वाईट, साहेब. डोक्याच्या आधी तोंड चाललं. बुटका ओरडला, "हां!" अन् शेंड्यानं कठडा सोडला.

दोर ताणला गेला. तो परत वर उसळायला पाहिजे. उसळलाच नाही. तसाच ताठ... कुणी खाली धरून ठेवल्यासारखा. मग आवाज यायला लागले. ओलं पोतं दगडावर आपटावं, तसे धपके. मधे शेंड्याची एक किंकाळी. मग तीही कुणी तोंड दाबल्यासारखी बंद.

"अडकला असेल," दोरवाला पुटपुटला.

"मोकळ्या हवेत कशाला अडकतो रे, भाडखाऊ?"

बुटक्यानं खांदा लावून दोर ओढायच्या चाकाचा दांडा फिरवला. तळहात सोलले. शेंड्या वर आला, तो कान लोंबत, पाठीवर नखांनी नांगरलेलं, नाक चेपलेलं. जबडा गच्च मिटलेला. बुटक्यानं बोटं घालून तो उघडला, तर आतून फळीवर एक बोट पडलं. थंडगार, पांढरंफटक. शेंड्यानं चावून तोडलेलं. रक्ताचा थेंब नाही.

शेंड्याची दहाही बोटं जागेवर होती.

"कुणाचं हे?" बुटक्यानं विचारलं.

दोरवाल्यानं ते बोट बुटाच्या टोकानं दरीत लोटलं अन् रांगेकडं वळून म्हणाला, "काही झालं नाही. पुढचा कोण?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं! तेव्हा बुटक्यानं त्याला हाणला. कुणीही हाणला असता.

शेंड्याला घरी आणला. बोलेना, जेवेना. पण भीती साफ गेली. आज सकाळी घरामागच्या उंच झाडावर चढला. दोर नाही, काही नाही. अगदी टोकाला उलटा लोंबकळतोय, डोकं खाली. खाली त्याची बायको ऊर बडवतेय, अन् तो दोन्ही हात तिच्याकडं पसरून हळूच म्हणतोय, "ये... सोड... काही होत नाही... ये..."

बुटका जन्मात झाडावर चढला नव्हता. आज चढला, अर्ध्यापर्यंत. तिथून पाहिलं अन् घसरतच खाली आला. शेंड्याचे पाय फांदीला लागलेलेच नाहीत, साहेब. मधे हातभर हवा आहे. पण घोट्यांवरची कातडी आत दबलेली... मुठीत आवळल्यावर दबते तशी.

तिकडं आता वहिनीनंही चढायला बुंध्याला हात घातलाय.

ती तक्रार गुंडाळा. शिडी घ्या, माणसं घ्या. उठा.