वहीतला शेवटचा रकाना

सहापैकी पाच वर्षं संपली आणि आमच्या वैद्यकीय विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलला. सूचना एका पानाची होती. अंतिम परीक्षेआधी प्रत्येकाने तीस रुग्ण तपासून वहीत नोंदवायचे, एका ओळीत एक रुग्ण: वय, व्यवसाय, तक्रार आणि शेवटच्या रकान्यात पुढे काय झालं ते, वारासकट. मुदत पाच आठवडे. वही अपुरी राहिली तर वर्ष गेलं.

आम्हा परदेशी मुलांच्या तोंडचं पाणी पळालं. इथली भाषा मला दुकानापुरती येते. माझे उच्चार ऐकून म्हातारे रुग्ण भिंतीकडे तोंड फिरवायचे. चौथा आठवडा सरला तेव्हा माझ्या एकोणीसच नोंदी झाल्या होत्या. उरलेले अकरा रुग्ण मी वसतिगृहाच्या खोलीत बसून मनानेच रचले. लाज वाटली, पण सगळेच तसं करत होते. मनगटावर भाजल्याचा डाग असलेला पाववाला, पोटदुखी, मंगळवारी घरी. जिना चढताना दम लागणारी शिक्षिका, बुधवारी घरी. सगळेच बरे झाले तर संशय येईल, म्हणून दहाव्याला, एका रंगाऱ्याला, गुरुवारी मारलं. अकराव्यापर्यंत डोकं चालेना. मग खुशाल बाबांनाच लिहिलं: अठ्ठावन्न वर्षं, शिंपी, आठ दिवस छातीत दुखतंय. बाबा तिकडे ठणठणीत होते, निदान मला तसं वाटत होतं. शेवटचा रकाना भरणार तोच पेनाने दगा दिला. दुसरं पेन आणेपर्यंत ते डोक्यातून गेलं.

सोमवारी वॉर्डच्या डॉक्टरांनी न वाचताच सह्या केल्या आणि वही परस्पर कार्यालयात पाठवली.

मंगळवारी खिडकीजवळच्या खाटेवरचा माणूस आपली पिशवी भरत होता. मला बघून हसला. त्याच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता.

"तुम्ही मला नीट तपासलंत," तो म्हणाला. "बाकीचे घाईत असतात."

मी त्याला आयुष्यात पाहिलं नव्हतं. भाजल्याचे डाग काय, कुणालाही असतात, मी मनाची समजूत घातली. बुधवारी एक बाई जिन्याचा कठडा धरून दम खात उभी होती, हातात घरी सोडल्याचा कागद. मी जवळून गेले तर तिने मला नावाने हाक मारली. मी न थांबता खाली उतरले.

गुरुवारी सकाळीच वॉर्ड गाठला. नर्स एका रिकाम्या खाटेवरची चादर काढत होती. चादरीला निळा रंग लागला होता.

"पहाटे गेला," ती म्हणाली. "नखांत रंग भरलेला होता बिचाऱ्याच्या."

मी तिथूनच घरी फोन लावला. आईने उचलला. बाबा कुठे आहेत, मी विचारलं.

"दवाखान्यात आणलंय," ती हळूच म्हणाली. "आठ दिवस छातीत दुखतंय. तुला सांगू देईनात, परीक्षा आहे म्हणून."

मी धावत सुटले. दोन इमारती ओलांडून कार्यालय होतं. फक्त तीन शब्द लिहायचे होते: बरा होऊन घरी. मग वर्ष गेलं तरी चालणार होतं.

खिडकीमागच्या कारकून बाई परदेशी मुलांवर जीव टाकायच्या. मी धापा टाकत वही मागितली, एक रकाना राहिलाय म्हणाले.

"बघितलं मी," त्या म्हणाल्या. "तेवढ्यासाठी वर्ष कशाला घालवायचं? मीच भरून टाकला."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. पानावरचा शिक्का अजून ओला होता.

रंगाऱ्याच्या ओळीत माझं अक्षर होतं: मृत्यू, गुरुवार.

त्याच्या बरोबर खाली, बाबांच्या ओळीत, बाईंनी नीटसपणे लिहिलं होतं: वरीलप्रमाणे.