रमजान कधी जन्मला?

"माझा भाऊ पोलीस ठाण्यात बसून हाये, ताई. तो माझा भाऊच हाये का, तेवढं शोधून द्या."

शबरातन शेख दारातच उभी होती. मे महिन्यातलं तुमसर, त्यात रोजा. ओठ पार सुकले होते. खाजगी तपासनीस रंजिता बांते हिनं तिला आत बसवलं. रंजिताचा मामेभाऊ अनुप तिच्या कामात मदतीला असे. त्यानं पंखा वाढवला.

हकिकत छोटी होती. आईबाप वारले, घर बंद पडलं, शबरातन मावशीकडं वाढली. थोरला रमजान लहानपणी बाजारात हरवला, तेव्हा शबरातन पाळण्यात होती. परवा चिखल्याच्या खाणीवरचा एक ट्रक क्लीनर आला, म्हणतो, तो मीच. त्या घराशेजारचे राइस मिलवाले भोजराजजी म्हणतात, तोतया आहे. तेवढ्यावर पोरगा आत. बोलणारा मिलमालक, समोरचा शेख. चौकशी कशाला हवी? आपल्याकडं न्याय असाच झटपट असतो.

"रमजानच नाव काहून ठेवलं?" रंजितानं विचारलं.

"आमच्या घरी जन्माच्या दिवसावरून नाव पडते. आजोबा शुक्रवारचे, म्हणून जुम्मन. अब्बा ईदचे, ईदू. मी शब-ए-बरातची. तो रमजान महिन्यातला."

"साल?"

"गोंदिया जिल्हा वेगळा झाला ते. वीस वर्षं झाली. सारेच सांगतात."

ठाण्यात पोरगा भिंतीला टेकून बसला होता. हनुवटीवर जुना व्रण.

"मले जास्त आठवत नाही. अम्मी सांगे, तू झाला तवा अब्बा धानाची मळणी सोडून खळ्यावरून धावत आले. बाजेजवळ शेकोटी होती."

"शेकोटी म्हणे!" जमादार हसला. "पंखा बंद करू का रे, थंडी वाजून राहिली असंल!"

भोजराजजी मिलमध्येच भेटले. मिलची भिंत फोडून पलीकडे वाट काढली होती. पलीकडे शबरातनच्या अब्बांचं, ईदूचं घर, त्यात छतापर्यंत तांदळाची पोती.

"शेकोटी? खोटारडा! मी सोता तिथं होतो, मॅडम. जिल्हा वेगळा झाल्याचे फटाके फुटून राहिले होते, मे महिना, डांबर वितळत होतं. या हातानं घेतलं लेकरू! अर्थच पाहा ना मोबाईलवर. रमजान म्हणजे भाजणारं ऊन. अन् रमजान येतेच उन्हात. आताच चालू नाही का?"

"पटलं, ताई," बाहेर येताच अनुप म्हणाला. "पोरगा फसला."

"फसला खरा. पण पोरगा नाही."

संध्याकाळी तिनं सगळ्यांना ठाण्यात बोलावलं.

"भोजराजजी, अर्थ तुम्ही बरोबर सांगितला. अरबीत त्या शब्दाचं मूळ रणरणत्या उन्हातच आहे. महिन्याला नाव पडलं तेव्हा ऊन असेल. पण तो महिना उन्हात थांबत नाही."

"म्हणजे?" अनुप गोंधळला.

"आपण अधिक महिना टाकतो, म्हणून आपला वैशाख उन्हाळा सोडत नाही. ते टाकत नाहीत. त्यांचा महिना दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आज मे आहे. वीस वर्षं मागं मोजत जा."

अनुपनं बोटं मोजली. "सहा-सात महिने पुढं... डिसेंबर!"

"धानाची मळणी. शेकोटी. पोराला यातलं काही ठाऊक नव्हतं. आईचं बोलणं तेवढं त्यानं जपलं. तुम्ही मात्र जन्माला हजर होता म्हणता, आणि थंडी आठवत नाही? तुम्ही तिथं नव्हताच. अर्थ पाहून ऊन रचलंत. काहून? घर मागणारा मुलगा परत आला, तर पोती कुठं नेणार?"

"मले काय ठाऊक तो कोण—"

"तुम्ही शेजारी होता. त्याच्या हनुवटीवरचा व्रण कशाचा आहे?"

भोजराजजींनी पोराकडं पाहिलं. मग मान खाली घातली.

"माझ्याच मिलच्या पत्र्यानं लागलं होतं. मीच टाके घालाले नेलं होतं. दारात उभा राहिला तवाच ओळखला मी त्याले. बापाचंच तोंड हाये."

जमादारानं कोठडीची कडी काढली. यावेळी तो हसला नाही.

अजान झाली. शबरातननं ओढणीच्या गाठीतला एकच खजूर काढला अन् ती थबकली.

"तुझा पण रोजा हाये?"

"सकाळपासून. इथं कोण विचारते?"

तिनं खजुराचे दोन भाग केले. मोठा त्याच्या हातावर ठेवला.

"खाय, भाई."

दोन दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्याला काहीतरी म्हणून हाक मारली होती.