एकतीस नंबरची उत्तरं

“आज आत्याशी एक अक्षर बोलायचं नाही, कळलं?” बिट्टीच्या केसांतून कंगवा ओढत वहिनी म्हणाली, आणि दारात उभ्या असलेल्या आत्याने ते ऐकलं!

साडेचार वर्षांची ती पोर… जन्मल्यापासून आत्याच्या मांडीवर वाढलेली… तिने डोळे वर केले आणि लगेच खाली घातले. वहिनीचा महिन्यापूर्वीचा राग अजून गेला नाही, एवढंच आत्याला वाटलं. खाजगी शाळांत प्रवेश मागणाऱ्या लहानग्यांची बुद्धिमत्ता चाचणी ज्या केंद्रात व्हायची, तिथे आत्या अकरा वर्षं परीक्षक होती. “एकच प्रश्न सांगा ना वन्सं, फक्त एक!” म्हणून वहिनी काकुळतीला आली होती, आणि आत्याने नकारार्थी मान हलवली होती. “जगाची पोरं पुढे ढकलता, आणि घरच्या पोरीच्या वेळी तत्त्वं आठवतात!” त्या दिवसापासून बोलणं कामापुरतं उरलं होतं.

आज बिट्टीची चाचणी होती, पण नात्यातल्या मुलाची चाचणी घ्यायला केंद्रात मनाई होती. बिट्टीला दुसऱ्या बाई आत घेऊन गेल्या, आत्या मागच्या खोलीत, मुलांच्या तोंडून उतरवून घेतलेल्या उत्तरपत्रिका तपासायला बसली. पत्रिकेवर नाव नसे, नुसता नंबर. दुपारी एकतीस नंबर तिच्या हातात आला.

बूट आणि मोजा यांच्यात सारखं काय? ‘दोघांना बाबा आहेत.’

चाकू आणि कात्री? ‘दोघी रुसल्यात.’

पत्र पेटीत का टाकतात? ‘त्याला झोप येते म्हणून.’

आत्याने पत्रिका पुन्हा वरपासून वाचली… ही तर तिचीच उत्तरं होती! चुकीच्या उत्तराला शून्य कसं द्यायचं हे नव्या परीक्षकांना शिकवण्यासाठी एका रिकाम्या दुपारी, स्वतःशीच हसत, तिने एका सरावाच्या पुस्तिकेत ती लिहिली होती. पुस्तिका घरी, तिच्या कपाटात होती. कुणीतरी ते कपाट उघडलं होतं, ती उत्तरं बरोबर समजून एका लेकराकडून घोकून घेतली होती… आणि त्या लेकराने एका शब्दाचीही चूक केली नव्हती. सगळ्यांना शून्य!

गप्प राहिलं तर? संध्याकाळपर्यंत ‘मंदगती’ असा शेरा गावातल्या सगळ्या शाळांकडे जाईल, आणि तो शेरा पुसणारं खोडरबर अजून कुणी काढलेलं नाही. खरं सांगितलं तर? पालकांनी लबाडी केल्याचं सिद्ध झालं, की त्या मुलाचं नाव कायमचं बाद. तिसरी एकच वाट होती, लबाडी परीक्षकाची ठरली तर मुलाची फक्त पत्रिका रद्द व्हायची… आणि ती वाट कुणाच्या नोकरीवरून जात होती, हे आत्याला पत्रिका हातात घेऊन उठतानाच कळलं होतं.

“ही पत्रिका रद्द करा, बाई,” ती केंद्राच्या प्रमुखांसमोर म्हणाली. “माझ्या भाचीची आहे. तिला मी शिकवलं. मीच.”

“तुम्ही?” बाईंचा चष्मा हातातच राहिला. “आणि शिकवायचंच होतं, तर चुकीचं का शिकवलंत?”

याचं उत्तर मात्र आत्याने तयार केलं नव्हतं. तिने पत्रिका पुढे सरकवली. बाईंनी आणखी काही न विचारता पत्रिकेवर आडवी रेघ मारली. पुढच्या वर्षी मूल पुन्हा बसू शकेल, म्हणाल्या. आत्या मात्र उद्यापासून येणार नव्हती.

केंद्रातून फोन आत्याच्या आधी घरी पोहोचला होता.

“स्वतःला मूल नाही म्हणून माझ्या मुलीचं वर्ष जाळलंस?” बिट्टीचा बाबा ओरडला; आत्याहून धाकटा, पण सारं घर त्याला दादाच म्हणे. “कुठल्या जन्माचं वैर काढलंस गं!”

वहिनी खांबासारखी उभी होती, चेहरा पांढराफटक. आत्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. “चुकलं माझं, दादा,” ती म्हणाली, आणि विषय तिथेच संपावा म्हणून कोपऱ्यात बसलेल्या बिट्टीकडे वळली. “सोन्या, भूक लागली का गं तुला?”

बिट्टीने आईकडे पाहिलं. मग बाबांकडे.

“आत्या,” शेवटी ती कुजबुजली, “याचं उत्तर अजून आईने पाठ नाही करून घेतलं.”

दादाने वळून वहिनीकडे पाहिलं… आणि तिला रडू फुटलं!

“मी काढली हो ती पुस्तिका… मीच! मला वाटलं, हुशार मुलं अशीच बोलत असतील, आपल्याला न कळणारं… रात्रंदिवस घोकवलं मी तिला! वन्सं, एका शब्दाने नाव नाही घेतलंत माझं… मला मारा, पण असं गप्प नका राहू!”

आत्याने तिला छातीशी धरलं. किती दिवसांनी त्या दोघी इतक्या जवळ आल्या होत्या! दादा जवळ आला. “ताई…” एवढंच त्याच्या तोंडून आलं. धाकटा असूनही कित्येक वर्षांत त्याने तिला ताई म्हटलं नव्हतं.

मग वहिनी डोळे पुसत लेकीपुढे गुडघ्यांवर बसली. “बिट्टे, पाठ नाही करायचं गं काही. तुला वाटतं ते सांग. भूक लागली का?”

बिट्टी आईच्या ओठांकडे एकटक बघत राहिली. उत्तर तिचं तिनेच द्यावं म्हणून तिघांनीही ओठ घट्ट मिटून घेतले… आणि दिवे लावायची वेळ झाली, तरी पोर अजून कुणाचे तरी ओठ हलायची वाट बघत होती.