आरपार गोठलेला नाही

शीतगृहातून बाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरते, हे तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण चष्मा पुसल्याशिवाय समोरच्याशी बोलू नये, हे कळायला मात्र जरा उशीर झाला. त्या सकाळी ती जड दार ढकलून बाहेर आली, समोर एक उंच आकृती दिसली, आणि तो शेडमधला हमालच असणार असं धरून तिनं फर्मावलं, "तो नवा एजंट आला की त्याला बसवून ठेवा. खोकी उघडायची म्हटली की तोंड वाकडं करतो म्हणे."

"बसवतो की," आकृती नम्रपणे म्हणाली. "पण तोंड वाकडं नाही हो त्याचं... चष्मा पुसून बघा एकदा."

तिनं पुसला. बघितलं. तोंड अजिबात वाकडं नव्हतं, उलट ते हसत होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, तेही शीतगृहाच्या दारात.

ती विमानतळाच्या मालशेडमध्ये कस्टमची अधिकारी होती. परदेशातून आलेला मासा शुल्काच्या यादीतल्या कोणत्या सदरात बसतो, हे ठरवणं तिचं काम. बाहेरच्याला वाटतं, मासा म्हणजे मासा. पण नुसता बर्फात थंड ठेवलेल्या माशाचं सदर वेगळं, गोठवलेल्याचं वेगळं, आणि काप केले की आणखी तिसरंच. सदर बदललं की शुल्क बदलतं, परवानाही बदलतो. तिच्या खिशात कायम थर्मामीटर असायचं, म्हणून हमाल तिला पाठीमागे 'थर्मामीटरबाई' म्हणत. आणि तो नवा एजंट आपल्या मामांच्या मासे मागवणाऱ्या एजन्सीत नुकताच चिकटलेला, म्हणून साऱ्या शेडचा 'भाचा'.

भाच्याला त्या दिवसापासून रोज काही ना काही शंका येऊ लागल्या.

"मॅडम, याचं डोकं काढलंय. तरी हा अख्खा मासाच धरायचा?"

"धरायचा. पोट साफ केलं, डोकं काढलं, तरी सदर बदलत नाही."

"म्हणजे डोकं गेलं तरी चालतं?"

"कायद्याला चालतं."

"बरं झालं... माझं गेल्या आठवड्यापासून जागेवर नाहीये."

ती कागदात डोकं खुपसून बसली, पण शिक्का उलटा उमटला. तो दुसरा कागद घेऊन येतो म्हणाला, आणि तेवढ्यासाठी उगाचच दोन फेऱ्या मारून गेला.

जाड जॅकेटच्या आत कोणता ड्रेस आहे, हे मासेसुद्धा पाहत नव्हते. तरी ती सकाळी आरशासमोर ड्रेसवर ड्रेस बदलू लागली. मासे तपासायला एवढं नटावं लागतं का, असं आईनं एकदा विचारलंच. बर्फाच्या चुऱ्याची गाडी खडखडली की तिच्या छातीत धडधड व्हायची, कारण गाडीमागून तो यायचा. सारं कसं मजेचं चाललं होतं... फक्त एक गोष्ट बोचत होती. त्याच्या मालाचा निकाल तिच्या हातात होता. उद्या कुणी म्हणालं, मॅडम हसल्या आणि माल सुटला, तर? लोकांचं सोडा, तिचा स्वतःवर तरी विश्वास राहील का? तिनं मनाशी ठरवलं, या माणसाला सूट म्हणून द्यायची नाही.

आणि मग तो दिवस आला. मामा बाहेरगावी गेलेले, सगळी जबाबदारी भाच्यावर. अख्खा सॅमन, कागदांवर बर्फात थंड केलेला, मोठ्या हॉटेलांसाठी आलेला. तिनं वरचं खोकं उघडलं, माशावर अंगठा दाबला. दगड! पुन्हा दाबला. तेच.

"हा गोठवलेला आहे," ती म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. गोठवलेल्या माशाचा परवाना त्याच्याकडे नव्हता. माल अडकला तर हॉटेलवाले तो घेणार नव्हते, आणि मामा त्याला पुन्हा वडिलांच्या कापडदुकानात धाडणार हे तर ठरलेलंच.

"मॅडम, खालची खोकी..."

"नियम सगळ्यांना सारखा," ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता निघाली.

दुपारी तिच्या वरिष्ठ, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, डबा खाता खाता तिचा शेरा वाचत होत्या.

"किती खोकी उघडलीस?"

"एक."

"आणि एरवी?"

एरवी ती वरचं, मधलं, खालचं अशी तीन उघडायची. कुणाचाही माल असो.

"मग या पोरानं काय घोडं मारलंय?" बाईंनी विचारलं.

तिला उत्तर ठाऊक होतं. दुसरं खोकं उघडायला ती घाबरली होती. त्याचा माल सुटावा असं तिला मनापासून वाटत होतं, आणि पुढचं खोकं उघडणं म्हणजे त्याला सूट देणं वाटलं, म्हणून. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तिनं नेमकी उलटी करून दाखवली होती. आपला डबा तसाच टाकून ती धावली.

मधलं खोकं. अंगठा अलगद रुतला. खालचं, तेही मऊ. मग तिनं वरच्या माशाच्या जाड पाठीत थर्मामीटरची सुई खुपसली. कातडी तेवढी कडक होती, आत मांस मऊ होतं. गोठवलेला म्हणजे आरपार गोठलेला, असं नियम सांगतो. हा नव्हता. वर पाहिलं तर शीतगृहाच्या पंख्याचा गार झोत थेट त्याच खोक्यावर येत होता.

तो बाहेर उलट्या क्रेटवर बसला होता. हमाल, ड्रायव्हर, सगळे आजूबाजूला. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "माझी चूक झाली. वरून कडक आहे, पण मासा आरपार गोठलेला नाही. तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे." तो आभार मानायला उठला, तर तिनं हातानंच थांबवलं. हे काम तिनं सकाळीच करायला हवं होतं.

बाईंनी स्वतः येऊन खोकी बघितली आणि सही केली. मग ती बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली.

"बाई, यापुढे त्याचा माल माझ्याकडे देऊ नका. मला... तो आवडतो."

"ते साऱ्या शेडला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण मग मासे सोडावे लागतील गं. पलीकडच्या शेडमध्ये जागा आहे, यंत्रांच्या सुट्या भागांची. जाशील?"

मासे तिचे जीव की प्राण होते. पण ती जाते म्हणाली.

नव्या शेडमध्ये बर्फ नव्हता, ग्रीसचा वास होता. एका संध्याकाळी ती बेअरिंगच्या पेट्या मोजत असताना तो धापा टाकत आला. "माशांच्या टेबलावर भलतेच साहेब दिसले," तो म्हणाला, "तेव्हा वाटलं, माझ्यावर रागावून गेलात."

"तुमचे मामा यंत्रांचे भाग मागवतात का?" तिनं विचारलं.

"नाही. फक्त मासे."

"पुढे मागवतील?"

"मी जिवंत असेपर्यंत नाही. पण मासे का सोडलेत?"

"तुमच्या मालाचा निकाल माझ्या हातात असेपर्यंत मला तुम्हाला होकार देता आला नसता."

तो बघतच राहिला. "पण मी... मी अजून विचारलंच कुठं?"

"मग विचारा."

रोज नव्या शंका काढणाऱ्या भाच्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कान लालबुंद झाले.

"लवकर," ती म्हणाली. "मला हो म्हणायचंय."