शून्यावर अडलेले मासे

“तुमचे मासे जातात तरी कुठं?”

मारिटनं दचकून मान वळवली. अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या डुलूथ शहरातल्या वाचनालयात शेजारच्या टेबलावरचा तरुण तिच्या पडद्याकडे बघत होता. काचेवर गारठलेला पाऊस टकटकत होता.

“मासा जाळ्यात येतो... पण गुण शून्यच राहतात,” ती म्हणाली. “बाबांसाठी करतेय हा खेळ. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात गेलाय त्यांचा. काल कितीतरी मासे पकडले, आकडा हलेचना... त्यांनी कीबोर्डच ढकलून दिला.”

तो खुर्ची ओढून जवळ बसला. एमेट त्याचं नाव. पायथन या संगणकभाषेत लिहिलेला तिचा खेळ त्यानं शांतपणे वाचला.

“गुण तुम्ही मासा पकडणाऱ्या या फंक्शनच्या, म्हणजे या आज्ञांच्या गटाच्या, आत ठेवलेत. त्याचं काम संपलं, की तेही गेले. गुण दाखवणाऱ्या दुसऱ्या फंक्शनला त्यांचा पत्ताच नाही. आधीचे गुण या पहिल्याच्या हाती द्या, वाढवून परत द्यायला सांगा.”

तिनं तसं लिहिलं. मासा अडकला... पुन्हा शून्य!

“ते परत देतंय,” एमेट हसला, “तुम्हीच घेत नाही आहात. घ्यायला इतकं लाजायचं?”

“लाजतंय कोण!” तिचे कान तापले. परत आलेली किंमत तिनं ‘गुण’मध्ये साठवली. मासा अडकला — एक! तिचे डोळे भरून आले.

मग तो रोज येऊ लागला. आधी वाचनालयात, पुढे घरी. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही. बाबा सावकाश बोट टेकवून मासे पकडत, आणि एमेट त्यांच्याशी हरून खोटं खोटं चिडे.

सरोवरावरचा बर्फ फुटला, हिवाळाभर अडलेल्या बोटी पुन्हा सुटू लागल्या. एमेट मालवाहू बोटीवर कामाला होता.

“उद्या निघतोय,” तो म्हणाला.

“बरं,” एवढंच ती बोलली... आणि रात्रभर तळमळली.

सकाळी ती धावतच धक्क्यावर पोचली. तो बोटीच्या शिडीपाशीच उभा होता.

“थांब म्हणणार नाही मी,” ती धापा टाकत म्हणाली. “पण तू नसलास ना, की घर ओकंबोकं वाटतं. प्रेम आहे माझं तुझ्यावर, एमेट.”

“किती उशीर केलास गं... मला वाटलं, तू बाबांपुरतंच मला—”

“वेडा आहेस!”

त्यानं तिचे गार हात हातांत घेतले. भोंगा वाजला, तरी त्याला ते सोडवेनात. शेवटी तिनंच हळूच सोडवून घेतले.

“जा,” ती म्हणाली, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभी राहिली.